दोन नंबरच्या खणातला बर्फ

हर्षलनं स्टेला उजागरेकडं पहिल्यांदा नीट पाहिलं ते कांद्यावरून.

ऑफिसात रुजू होऊन त्याला आठवडाही झाला नव्हता. पलीकडच्या टेबलाशी ती फोनवर इंग्रजीत बोलत होती. इंग्रजी शाळेत शिकवल्यासारखं, एकेक शब्द सुटा आणि स्वच्छ. पलीकडं समुद्रावरच्या एका बोटीचा आचारी होता. तांदूळ किती, तेल किती, सिगारेटी किती, दारू किती, असं ती विचारत होती आणि कॉम्प्युटरवर भरत होती. कांद्याशी येऊन तिचा हात थांबला. एवढ्या माणसांना अर्धंच पोतं, आणि बंदराला लागायला अजून आठवडा, मग तुम्ही खाता काय, असं तिनं त्याला विचारलं. आचाऱ्यानं सारवासारव केली असावी. तेव्हा ती म्हणाली, कांदा जास्त असला तर जास्त सांग, कांद्यावर कुणी कर घेत नाही. पण एका ठिकाणी खोटं सापडलं की कस्टमचे साहेब लोक सिगारेटीही एकेक मोजायला बसतात.

हर्षल कर्जतकडचा. घरी दरवर्षी कांद्याची चाळ भरलेली असायची. आयुष्यात इतक्या दूरच्या कांद्याची चौकशी त्यानं ऐकली नव्हती. त्याला हसू आलं, आणि आता तीही हसेल म्हणून त्यानं तिच्याकडं पाहिलं. ती हसली नाही. फोन ठेवून तिनं पुढची ओळ भरायला घेतली.

ऑफिस सावेडीत, एका दातांच्या दवाखान्याच्या वर. तिथं समुद्राचं काम चालतं हे खालच्या पानवाल्यालाही खरं वाटायचं नाही. मालक काकासाहेब पाथर्डीकडचे. त्यांची उमेदीची वर्षं मुंबईत, जहाजांच्या एजंटाकडं कारकुनी करण्यात गेली होती. बंदरातले कागद बंदरातच बसून भरायची गरज उरली नाही, हे त्यांच्या वेळेवर ध्यानात आलं आणि ते नगरला परतले. समुद्रातल्या एका बेटाच्या बंदरात परदेशी मासेमारी बोटी यायच्या. तिथल्या एजंटाचं कागदपत्रांचं सगळं काम काकासाहेबांनी घेतलं होतं. हर्षल त्याआधी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर होता. कारखान्याचे हंगाम लहान होत गेले तसा तो इकडं आला.

काम त्याला काकासाहेबांनी एका दमात समजावून सांगितलं होतं. परक्या बंदरात शिरणारी मासेमारी बोट म्हणजे गावच्या वेशीवर आलेला अनोळखी पाहुणा. कुठून आला, मागचा मुक्काम कुठं, बरोबर कोण, झोळीत काय, हे सगळं त्यानं वेशीबाहेरच सांगायचं. बोटीनं बंदराला लागण्याआधीच सगळे कागद पाठवायचे. मग नांगर टाकून पिवळा झेंडा लावायचा आणि कस्टमचे साहेब येऊन जाईपर्यंत गप्प थांबायचं. तोवर कुणी खाली उतरायचं नाही, कुणी वर चढायचं नाही. साहेब येतात, दारू-सिगारेटींच्या कपाटाला सील लावतात, बोटीच्या पोटातले माशांचे खण बघतात. परवानगीशिवाय मासळीचं शेपूटही धक्क्यावर ठेवता येत नाही. मागच्या बंदरात साधी चप्पल विकत घेतली असली तरी तीही सांगावी लागते. एवढं सगळं ज्यांच्या हातून जायचं त्यांच्यातल्या कुणीही, काकासाहेब सोडले तर, समुद्रावर पाय ठेवला नव्हता. स्टेलानं तर तो पाहिलाही नव्हता. एकदा ऑफिसची अलिबागला सहल निघाली तेव्हा तिनं मुलीच्या परीक्षेचं कारण सांगितलं.

ती मूळची राहुरीकडची. वडील कृपादान गावच्या चर्चची घंटा वाजवायचे आणि लोकांच्या विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करायचे. नवरा स्टीफन नगरमध्ये शाळेच्या बसवर ड्रायव्हर होता. करोनाच्या दुसऱ्या लाटेत तो गेला. स्टेला स्वतः तेव्हा दुसऱ्या वॉर्डात होती. पांढऱ्या पोशाखातल्या माणसांनी त्याला परस्पर नेलं आणि पुरलं. नेमकं कुठं, ते तिला पंधरवड्यानं एका वॉचमननं बोट करून दाखवलं. हे हर्षलला तिनं कधी सांगितलं नाही. चहा करायला आणि झाडलोटीला येणाऱ्या मालनबाईंनी सांगितलं. मालनबाईंचा तिच्यावर जीव होता, आणि तो जीव त्या टोमण्यांतून खर्ची घालायच्या.

"ह्या बाईला चिमटा काढून बघा एकदा," त्या चहा ठेवता ठेवता म्हणायच्या. "आधी घड्याळ बघंल, मग म्हनंल, मालनबाई, चिमटा साडेअकराला काढला."

स्टेला यावर कप जवळ ओढायची आणि म्हणायची, "साखर कमी आहे." बस्स. ती रागावायची नाही, हिरमुसायची नाही. डबा उघडला की क्षणभर डोळे मिटून प्रार्थना करायची, मग जेवायची आणि डबा धुऊन ठेवायची. तिचं सगळंच असं होतं. सणासुदीचे कपडे ट्रंकेत घालून, कुलूप लावून, वर रोजची सतरंजी पसरावी तसं. हर्षलला सुरुवातीला वाटायचं, हिच्याशी काय बोलावं. पुढं त्याला त्याची सवय झाली. ती खूप बोलत नसे, पण चुकीचंही कधी बोलत नसे, आणि बोटींवरचे आचारी, फिटर, खलाशी यांची नावं तिच्या तोंडात गावातल्या माणसांसारखी असायची. अमक्याची बायको बाळंतीण आहे, त्याला उतरायचा पास आधी काढा. तमक्याचा दात दुखतोय, डॉक्टरची वेळ मागून ठेवा. हे ती प्रेमानं म्हणायची असंही नाही. कामाचा भाग म्हणून म्हणायची.

‘सी लिली’चा निरोप आला तो दुपारी, डबे उघडायच्या वेळेला.

लांब दोरीला गळ लावून टूना मासा पकडणारी ती बोट. बंदर अजून चार-पाच दिवसांवर होतं. कप्तानानं लिहिलं होतं की इंजिनवरचा रोमेल नावाचा माणूस सकाळी छातीत कळ येऊन गेला. फिलिपिन्सचा होता. संध्याकाळी प्रार्थना म्हणून त्याला समुद्रात सोडायचा विचार आहे. तुमच्या बंदरात मृतदेह घेतात का? हो किंवा नाही, एवढंच कळवा. हवा गरम आहे, फार थांबता येणार नाही.

काकासाहेब त्या दिवशी खर्ड्याला एका लग्नात होते. हर्षलनं फोन लावून पाहिला, लागला नाही. स्टेलानं बेटावरच्या एजंटाला विचारलं. तो म्हणाला, घेतात. डॉक्टर, पोलीस, आरोग्यखातं, कस्टम, सगळ्यांची परवानगी लागते, पण घेतात. मात्र समुद्रात सोडला तर एकच कागद होतो, आणि ते कायद्यात बसतं. ते सोपं. कप्तानाला सोपंच सांग.

तिनं फोन ठेवला. हर्षलला वाटलं, आता ती तसं लिहील. तिनं बोटीच्या मालकाच्या ऑफिसला फोन लावला आणि एकच प्रश्न विचारला.

"त्याच्या घरचे काय म्हणतात?"

घरच्यांना अजून कळवलंच नव्हतं. तिकडचा माणूस म्हणाला, आधी विल्हेवाट लागू दे, मग सविस्तर कळवू. स्टेला म्हणाली, आधी कळवा, मी थांबते. तिचा आवाज चढला नाही. कांद्याबद्दल बोलताना होता तसाच होता. मग ती डबा न खाता बसून राहिली. मालनबाई दोनदा येऊन बघून गेल्या. तासाभरानं फोन आला. आई आहे, बाप नाही. आई म्हणते, त्याला घरी आणा.

स्टेलानं कप्तानाला उत्तर लिहायला घेतलं. शेजारून वाचत हर्षलनं विचारलं, "पन ताई, चार-पाच दिवस ठेवनार कुठं त्याला?"

"बर्फात," ती म्हणाली. "आपल्याकडं लांबचे येईपर्यंत ठेवतात तसं."

हर्षलला ते पटलं. नगरमध्ये कुणाचा मुलगा दुबईहून यायचा असला, कुणाची मुलगी नागपुरात असली, तर बर्फाच्या लाद्या आणतात, खाली भुसा टाकतात, माणूस ठेवतात. ख्रिस्ती घरांत तर शेवटचा माणूस पोचून मूठभर माती टाकेपर्यंत कबर बुजवत नाहीत. यात विचारण्यासारखं काय होतं? तिनं लिहिलं, बंदर मृतदेह घेईल, आईची इच्छा आहे, त्याला बर्फात ठेवा. कप्तानानं लगेच कळवलं, ठीक.

दुसऱ्या दिवशी ‘सी लिली’चे बंदरात शिरायचे कागद भरायचे होते. कोण किती, मासे किती, कुठल्या खणात, सगळं. मृतदेह बोटीवर कुठं आहे, हेही त्यात लिहायचं होतं. तिनं कप्तानाला विचारलं. उत्तर आलं, दोन नंबरच्या खणात.

तिची बोटं कीबोर्डवर थांबली. हर्षलनं मान वळवून पडद्याकडं पाहिलं. वरच्याच ओळीत, तिनं स्वतः भरलेलं होतं. खण नंबर दोन, टूना, आणि पुढं वजन.

मासेमारी बोटीवर बर्फ एकाच जागी असतो. माशांजवळ. हे ज्याला समुद्र माहीत आहे त्याला सांगावं लागत नाही. या दोघांच्या गावात बर्फ कारखान्यात व्हायचा, भुशातून यायचा आणि ज्यासाठी मागवला त्याच्याचजवळ असायचा.

काकासाहेब लग्नाहून परतले होते. त्यांना सगळं सांगितल्यावर त्यांनी कपाळ चोळलं. मग म्हणाले, माणसाच्या प्रेताजवळचा मासा कुठलंच बंदर उतरवून घेणार नाही. खणभर मासा गेला. मग त्यांनी दार लोटलं आणि आवाज उतरवून दुसरा मार्ग सांगितला. बोटीवर स्वयंपाकघराचा फ्रीजर असतो. कप्तानानं त्याला रात्रीतून तिकडं हलवावं, आणि आपण कागदात फ्रीजर लिहावं. मासाही वाचेल, माणूसही उतरेल.

स्टेलानं कप्तानाला विचारलं. फ्रीजर आखूड होता.

"मग नुसतं तसं लिही," काकासाहेब म्हणाले. "कोन बघायला जातंय?"

"साहेब खण उघडून बघतात, काका," ती म्हणाली. "तुम्हीच शिकवलंय. कागदात एक आणि खणात दुसरं निघालं, की तो माणूस राहत नाही, पुरावा होतो. मग केस संपेस्तोवर तो तिथंच. आईला कधी मिळायचा?"

काकासाहेबांनी पुष्कळ माणसं हाताखाली ठेवली होती. खोटं बोलणारा कोण आणि भिणारा कोण हे त्यांना चेहऱ्यावरून कळायचं. या चेहऱ्यावर त्यांना काहीच सापडेना. ते उठून गॅलरीत गेले. तिनं लिहिलं, खण नंबर दोन.

पुढं जे झालं ते नियमानं झालं. बोट बंदराबाहेर नांगर टाकून थांबली. साहेब आले, त्यांनी दोन नंबरचा खण उघडून पाहिला आणि त्याला सील लावलं. आत मासे आणि आत रोमेल. मासा उतरवता येत नव्हता, कारण तो खाण्यायोग्य नव्हता. समुद्रात टाकता येत नव्हता, कारण बंदराच्या हद्दीत टाकायला बंदी होती. तो नष्ट कुणी करायचा, कुठं नेऊन करायचा, खर्च कुणाचा, यावर मालक, विमा कंपनी आणि आरोग्यखातं यांचे कागद फिरू लागले. तोवर सील निघत नव्हतं, आणि सील निघत नाही तोवर माणूसही निघत नव्हता. बोटीवरचा पिवळा झेंडा तसाच राहिला. कुणाला उतरायचा पास मिळाला नाही. समोर बाजाराचे दिवे दिसत होते आणि माणसं कठड्याला टेकून ते बघत होती, असं कप्तान लिहायचा.

स्टेला रोज सकाळी आल्या आल्या एजंटाला फोन करायची. एकच प्रश्न, आज उतरेल का? आज नाही. मग ती बाकीच्या बोटींचं काम उरकायची. दुपारी आरोग्यखात्याला पत्र, संध्याकाळी मालकाला आठवण. तिच्या कामात कुठं धांदल दिसली नाही. बोटीवरचा कांदा संपला, तसा आचाऱ्यानं निरोप धाडला, आणि त्या निरोपात एक वाक्य होतं. मेलेल्याची काळजी घेणाऱ्या बाईनं जिवंत माणसांना कैदेत टाकलं. तिनं ते वाचलं, हर्षललाही वाचू दिलं. मग नांगरावरच्या बोटीला ताजी भाजी पोचवायची परवानगी निराळी काढावी लागते, तिचा अर्ज भरायला घेतला.

"लई बोलला हो तो," हर्षल म्हणाला.

"खरं आहे ते," ती म्हणाली. "त्यांच्या घरीही वाट बघणारे असतील."

त्या दिवसांत हर्षलनं एकदा धीर करून तिला विचारलं की तिला भीती वाटते का, वाईट वाटतं का. नोकरी जाणार हे ऑफिसात सगळ्यांनाच दिसत होतं. तिनं थोडा विचार केला. आपल्याला खरंच काय वाटतं ते शोधून सांगावं असा तिचा प्रयत्न दिसला. मग म्हणाली, काही वाटत नाही. स्टीफनच्या वेळेलाही वाटलं नव्हतं. दवाखान्यात बाई येऊन सांगून गेली तेव्हा पलंगाखाली आपली एकच चप्पल दिसतेय, दुसरी कुठं गेली, हे डोक्यात होतं. एवढंच ती स्टीफनबद्दल बोलली.  हर्षलनं उठून प्रिंटरमध्ये कागद भरले.

महिना होत आला तेव्हा सील निघालं. मासा दुसऱ्या नावेत घालून, कस्टमच्या माणसांच्या देखरेखीखाली खोल समुद्रात नेला आणि टाकला. रोमेल लाकडी पेटीतून धक्क्यावर उतरला, मग विमानानं गेला. खलाशांना पास मिळाले. आचाऱ्याचा पुन्हा निरोप आला नाही.

बोटीच्या मालकानं त्याच्या सगळ्या बोटींचं काम काकासाहेबांकडून काढून दुसरीकडं दिलं. त्याच्या बोटी म्हणजे ऑफिसचं निम्मं काम होतं. काकासाहेबांनी स्टेलाला केबिनमध्ये बोलावलं तेव्हा दार उघडंच ठेवलं, त्यामुळं सगळ्यांना ऐकू गेलं. ते खुर्चीत बसले नव्हते, उभे होते.

"ताई, तू चुकलीस असं मी म्हनत नाही," ते म्हणाले. "चुकली नाहीस असंही म्हनता येईना. मला एक मानूस कमी करावा लागतोय, आनि तिकडं तुझं नाव खराब झालंय. तुला दुसरीकडं लावून देतो. माझा शब्द."

ती म्हणाली, चालेल काका. महिनाअखेरपर्यंतचं काम संपवते.

मालनबाईंनी मात्र त्या दिवशी काकासाहेबांचा चहा टेबलावर असा ठेवला की तो बशीत सांडला. आणि त्या पुसायला थांबल्या नाहीत.

शेवटच्या आठवड्यात एजंटाकडून एक व्हिडिओ आला. रोमेलच्या गावाहून त्याच्या बहिणीनं पाठवला होता. काही लिहिलेलं नव्हतं. स्टेलानं मोबाईल टेबलावर ठेवला आणि हर्षलला दिसेल असा थोडा वळवला. टेकडीवरची दफनभूमी, छत्र्या, पांढऱ्या कपड्यांतली माणसं. एक म्हातारी बाई पुढं आली. तिला दोघांनी दंडाला धरलं होतं. ती वाकली, मातीची मूठ भरली आणि कबरीवर धरली. मूठ सुटेना, तिनं बोटं दुसऱ्या हातानं मोकळी केली. मग बाकीचे एकेक करून आले. स्टेलानं शेवटपर्यंत पाहिलं. आवाज बंदच होता, तिनं लावला नाही.

"माती ओली आहे त्यांच्याकडं," ती म्हणाली.

एवढं बोलून तिनं मोबाईल पर्समध्ये टाकला आणि आलेल्या फोनला हात घातला. फोनवर दुसऱ्या बोटीचा आचारी होता.

काकासाहेबांनी शब्द पाळला. शिर्डीत त्यांच्या मेव्हण्याचं हॉटेल आहे, देवळापासून चालत जाण्याइतकं. स्टेला तिथं सकाळच्या पाळीला काउंटरवर असते. आलेल्या माणसांची ओळखपत्रं बघते, नावं भरते आणि खोलीची किल्ली देते. मुलगी शॅरन नगरच्या वसतिगृहात राहून नर्सिंग शिकते. स्टेलाला राहायला हॉटेलच्या मागं एक खोली दिली आहे, आणि जेवण तिथल्याच स्वयंपाकघरातून येतं.